शेवटची आकृती आई काढते

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीने वाटलेली ही डायरी आजवर जेवणाच्या टेबलाच्या लुळ्या पायाखाली होती. आज काढली. बायकोने तिथे जुनं कॅलेंडर घडी करून घातलं आणि म्हणाली, "लिहिण्यासारखं काय झालंय एवढं?"

झालं असं की जनसंपर्कवाल्या बाई आज स्वतः दोन मजले उतरून आमच्या दावे विभागात आल्या. आमची विमा कंपनी. मी अकरा वर्षं इथे लोकांचे दावे तपासतो. दुकान जळालं, गाडी ठोकली, छप्पर उडालं, जे काही लोक लिहून पाठवतात त्यातलं खरं किती आणि खोटं किती हे मी ठरवतो. खोटा दावा मला दुरून कळतो. ऑफिसात मला 'खुस्पट' म्हणतात, ते मी कौतुक म्हणूनच घेतो.

बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या डोंगरातले ना? भिंतीवर चित्रं काढतात ते लोक?"

"हो."

"म्हणजे तुम्हीही काढता." हे त्यांनी विचारलं नाही, मला सांगितलं. खालच्या स्वागतकक्षात वीस फुटांची कोरी भिंत आहे, मोठ्या साहेबांना तिच्यावर अस्सल आदिवासी चित्र हवं आहे, आणि कलावंत आपल्याच माणसांतला निघाला तर त्यांना फार आनंद होईल. विभागप्रमुखाची जागा एप्रिलमध्ये रिकामी होतेय, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. "आणि तुमच्या तर रक्तातच असतं."

मी म्हटलं, "असतंच."

माझ्या रक्तात काय आहे ते मागच्या महिन्यात तपासून झालंय. थोडी साखर आहे, चित्र नाही. आमच्यात चित्रं बायका काढतात. पुरुष फार तर शिडी धरतात, आणि मी शिक्षणासाठी लवकर बाहेर पडल्यामुळे तीही कधी धरलेली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईला फोन केला. प्रकरण नाजूक होतं. आमच्यात नवरा गेला की बाईने काडी खाली ठेवायची. काडी म्हणजे टोक चावून मऊ केलेली काटकी, तिनेच चित्र काढतात. मग तिने कुणाच्याही भिंतीला हात लावायचा नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधी वस्तीतल्या निम्म्या घरांच्या भिंती आईच्याच हातच्या होत्या. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, या बाबतीत फार कडक आहेत.

म्हणून मी मुद्दे कागदावर लिहून काढले होते. एक, शहरातल्या भिंतीला वस्तीचा नियम लागू होत नाही. दोन, काकांना कळणार नाही. तीन, माझी बढती. पहिला मुद्दा अर्धा झाला होता तेवढ्यात आई म्हणाली, "कधी येऊ?"

मुलासाठी आई काय करत नाही. डोळे भरून आले.

९ फेब्रुवारी, रविवार

आई आली. कपड्यांची पिशवी एवढीशी, आणि लाल माती, पांढरी माती, डिंक यांची गाठोडी दोन. ती उचलताना माझी कंबर धरली. वस्तीत तिने सांगितलंय की सुनेची तब्येत बरी नाही. सुनेने हे ऐकून घेतलं आणि लगेच कुकर लावायचं काम माझ्यावर सोपवलं.

काड्यांची जुडी सोडून पाहिली. जुन्या असणार, सहा वर्षांपूर्वीच्या. एकीच्या टोकाला मात्र पांढरा रंग अजून ओलसर होता. प्रवासात कुठेतरी पाणी लागलं असावं.

योजना समजावून सांगितली. भिंतीसमोर हिरवा पडदा लागेल. कागदोपत्री चित्रकार मी, आई रंग कालवायला. कुणाची चाहूल लागली की मी खाकरायचं आणि तिने काडी माझ्या हातात द्यायची. आई सगळ्याला हो म्हणाली. बायकोने विचारलं, "आणि या सगळ्यात आईंना काय मिळणार?" मी म्हटलं, मुलाचं भलं झालं की आईला आणखी काय हवं असतं. बायको कुकरच्या शिट्ट्या मोजत बसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कामाला प्रारंभ. म्हणजे व्हायला हवा होता. आई तासभर भिंतीसमोर नुसती उभी. मग हात फिरवला, वास घेतला, कान लावला. मी पडद्याआड खुर्चीवर बसलो होतो. डाव्या पायाला भोवरी झाली आहे, त्यामुळे बसलो की मी तो बूट काढून ठेवतो. मी म्हटलं, "आई, आपल्याकडे अडीच आठवडेच आहेत."

"आपल्याकडे?" ती म्हणाली, आणि लाल माती भिजवायला घेतली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भिंत लाल झाली, वाळली, आणि आईने पांढऱ्या रंगात काडी बुडवली. पहिली रेघ ओढताना तिचा हात थरथरत होता. वयाचा परिणाम. दहाव्या रेघेला थरथर गेली. दुपारपर्यंत ती गुणगुणायला लागली, तेव्हा मला खाकरून तिला गप्प करावं लागलं. खाकरणं ऐकून तिने काडी माझ्या हातात दिली. कोणी येत नाहीये हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.

संध्याकाळी बाई खरंच आल्या. मी भिंतीपासून वीतभर अंतरावर काडी धरून उभा राहिलो. "काय एकाग्रता आहे," त्या कुजबुजल्या आणि पाय न वाजवता परत गेल्या.

आमच्या ऑफिसात झाडू-पोछा करणाऱ्या मावशी मात्र चाहूल न देता येतात. त्यांनी आईला काढताना पाहिलं. काळजीचं कारण नाही, त्या सफाईच्या आहेत, त्यांना यातलं काय कळणार. त्या बादली उलटी करून तिच्यावर बसल्या आणि अर्धा तास आईशी गप्पा मारत होत्या. मला चहा विचारला नाही, आईला आणून दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वेळापत्रक घसरलं. डोंगर झाला, वाट झाली, घरं झाली, पाणी भरणाऱ्या बायका झाल्या, आणि मग दोन अख्खे दिवस आई एका माणसात अडकली. साधा माणूस. झाडाखाली बसलाय, दोन्ही हात मागे टेकून, बाकीच्यांचं काम बघतोय. दोन त्रिकोण आणि चार रेघा, याला दोन दिवस? काढायची, पुसायची, खांदा थोडा खाली घ्यायची. बाबाही असेच बसायचे म्हणा, पण आमच्याकडचे सगळेच बाप्ये तसे बसतात.

मी म्हटलं, "पुढे जा ना आता, एवढं कोण बघणार आहे."

तिने मान वळवली नाही. रंगाच्या धुरळ्याने तिचे डोळे चुरचुरत असावेत, पदराने सारखे पुसत होती. उद्या डोळ्यांचे थेंब आणायला हवेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज अक्षरशः वाचलो. मोठे साहेब न कळवता पडद्याच्या आत आले. मला जेमतेम काडी हातात घेता आली, बूट घालायला वेळ मिळाला नाही. साहेब चित्राच्या मध्यावर थांबले. तिथे आईने काल एक नवीनच प्रकार काढला आहे: सगळे लोक राबताहेत, आणि मधोमध एक माणूस खुर्चीवर बसलाय. आमच्या चित्रांत खुर्ची मी कधी पाहिली नाही. शिवाय आईची चूक झाली आहे, त्याच्या एका पायात बूट आहे आणि दुसरा पाय उघडाच राहिला. सांगायचं म्हणून ठेवलं होतं.

साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

मी आईकडे पाहिलं. आई पांढरी माती कालवत होती, भांड्यातून मान वर काढेना.

साहेब स्वतःच म्हणाले, "मी का?"

"आपणच, साहेब," मी म्हटलं.

"आणि एक पाय उघडा का?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनाच उत्तर सापडलं. "अच्छा. एक पाय प्रगतीत आणि एक मातीत. वा." मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मी अनवाणी पाय लपवायचा प्रयत्न करत होतो, आणि ते गहिवरून म्हणाले, "तुम्ही मातीशी नातं ठेवूनच काम करता, दिसलं मला."

ते गेल्यावर पडद्याबाहेरून मावशींचं हसू ऐकू आलं. आईचेही खांदे हलत होते. दोघींना कसला एवढा आनंद झाला होता कोण जाणे, पण साहेब खूश म्हटल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तोंडचं पाणी पळालं आहे. बाईंनी कार्यक्रम कळवला. अठ्ठावीस तारखेला अनावरण, दोनशे पाहुणे, पत्रकार, फोटोवाले. फीत कापणं जुनं झालं, म्हणून उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा कोरी ठेवायची आणि शेवटची आकृती कलावंताने सगळ्यांसमोर काढायची. कलावंत म्हणजे मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर वर्तमानपत्रांवर सराव. दोन त्रिकोण एकमेकांना टेकवायचे, वर गोल, खाली पाय. सोपं दिसतं. माझी माणसं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी निघतात. बायकोने एक पान उचलून पाहिलं आणि म्हणाली, "याला डॉक्टरला दाखव."

आई शेजारी बसली. "हात सैल सोड. तू काडी दाबतोयस. ती आपणहून जाते, तिला जाऊ दे." असं म्हणून तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि काय सांगू, एका झटक्यात बाई तयार. घडा घेऊन निघालेली. आईने हात काढला आणि पुढच्या बाईचा घडा डोक्यावरून पोटावर आला.

"तू कधीपासून काढतेस गं?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आजही सरावाच्या दृष्टीनेच विचारलं.

"हातात काडी मावायला लागली तेव्हापासून," ती म्हणाली. मग काडी पुसत, "बाबा शिडी धरायचे. धरता धरता म्हणायचे, डावीकडे मोकळं राहिलंय बघ. बरोबर असायचं त्यांचं."

पाच वाजता सराव थांबवला. मनगट सुजलं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शांतपणे क्रमाने लिहितो.

पडदा सरला. टाळ्या. साहेबांचं भाषण, त्यात माती सात वेळा. मग बाईंनी माझ्या हातात ताटली आणि काडी दिली आणि माझं कौतुक सांगून बाजूला झाल्या. दोनशे माणसं. मी कोपऱ्याशी गेलो, काडी रंगात बुडवली, आणि भिंत मागे मागे जातेय असं वाटलं. रंगाचा थेंब माझ्या बुटावर पडला. आज मी दोन्ही बूट घातले होते.

आई कडेला मावशींच्या शेजारी उभी होती. माझ्या तोंडून वाक्य कसं निघालं मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "आमच्या परंपरेत शेवटची आकृती आई काढते."

एका पत्रकाराने आईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहत विचारलं, "वडील नसले तरी?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. "नसले तर खासच. तो तिचा मान असतो. तिच्या हाताशिवाय भिंत पुरी होत नाही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर वाटलं, ही आता सगळं फोडते. मग ती पुढे आली. माझ्या हातातून काडी घेतली, पदर खोचला, आणि भिंतीशी उभी राहिली. चार रेघांचं काम, तिला दहा मिनिटं लागली. बिचारी घाबरली असणार. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिने एक छोटी बाई काढली, पाठमोरी, एक हात उंच केलेली. जनसंपर्कवाल्या बाईंच्या मते ती पाहुण्यांचं स्वागत करते आहे. मला ती निरोप देणारी वाटली. टाळ्या थांबेनात. साहेब आईच्या पाया पडले, त्याचा फोटो निघाला.

घरी येताना आई म्हणाली, "ते परंपरेचं खोटं होतं ना?"

"वेळ मारून नेली," मी म्हटलं.

"बरं बोललास," आई म्हणाली. इतकं साधं वाक्य, पण लहानपणी पहिला आलो होतो तेव्हाही ती इतकी खूश झालेली मला आठवत नाही.

१ मार्च, शनिवार

पेपरात फोटो. आई, काडी, भिंत. खाली ठळक अक्षरांत: 'शेवटचा मान विधवा मातेचा: डोंगरातली प्राचीन प्रथा.' एका दिवसाची प्रथा प्राचीन कशी झाली हे मी तपासलं असतं, पण दावा माझाच आहे.

आता काकांचा फोन येणार. दोनदा फोन बंद करून ठेवला.

३ मार्च, सोमवार

काकांचा फोन आला. ऑफिसात आला, त्यामुळे उभं राहून घेतला.

"पेपर वाचला," ते म्हणाले. मी माफीची वाक्यं जुळवायला लागलो. "पूर्वी असंच होतं," ते म्हणाले.

"काय, काका?"

"आमची आजी. आजोबा गेल्यावर तीच शेवटचा हात फिरवायची. मी पाहिलंय डोळ्यांनी. मधल्या काळात लोक विसरले." मग त्यांनी विचारलं की पेपरवाले वस्तीत येणार असतील तर जुन्या प्रथा सांगायला तेच योग्य माणूस आहेत, तर त्यांचा नंबर द्यावा.

मागाहून आठवलेली साक्ष मी दाव्यात कधीच धरत नाही. ही धरली.

९ मार्च, रविवार

आई काल वस्तीत परत गेली. जाताना पिशवी हलकी होती, चाल त्याहून हलकी. ताईचा फोन आला, ती वस्तीतच असते. म्हणाली, पेपरातलं कात्रण घरोघर फिरतंय. पलीकडच्या घरातल्या दोघी विधवा सासू-सुनांनी काड्या काढल्या. आता कुणाला शेवटच्या आकृतीवर समाधान नाही, एकीने तर अख्खी भिंत घेतली आणि काकांना सांगितलं, शेवट कुठे सुरू होतो ते आम्ही ठरवू.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. अभिमान वाटला, थोडी भीतीही वाटली.

१२ मार्च, बुधवार

विभागप्रमुखाची जागा मला मिळाली. पेढे वाटायला उठलो तोच बाईंनी दुसरी बातमी दिली: विभागीय कार्यालयातली चाळीस फुटांची भिंत. साहेबांनी माझं नाव सुचवलं आहे. सोमवारी चोवीस तारखेला सुरुवात.

आईला फोन केला. उचलला नाही. ताई म्हणाली, ती कुणाच्या तरी भिंतीवर आहे.

१७ मार्च, सोमवार

पाच दिवस आई फोनवर सापडली नाही आणि पाच दिवस मला झोप नाही. आज ठरवलं, खरं सांगून मोकळं व्हायचं. सकाळी बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं, "ते चित्र माझं नाही. पूर्ण आईने काढलंय. मी खुर्चीवर बसून होतो."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते. "किती नम्र आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नम्र नाही, मी खरं सांगतोय. झाडूवाल्या मावशींना विचारा, त्यांनी पाहिलंय."

"त्या सफाईच्या आहेत, त्यांना काय कळणार," बाई म्हणाल्या. आणि माझ्यादेखत नव्या भिंतीसाठीच्या पुस्तिकेच्या मजकुरात भर घातली: 'कलावंत आपल्या कलेचं सारं श्रेय आईला देतात.' मी म्हटलं लेखी देतो. त्या म्हणाल्या, लेखी दिलं तर छापायला आणखी छान.

खाली येऊन टेबलाशी बसलो. समोर एका बाईचा दावा होता, छप्पर उडाल्याचा. फोटो नाही, साक्षीदार नाही. एरवी दोन मिनिटांत परत पाठवला असता. अकरा वर्षांत असे किती परत पाठवले, त्यातले किती खरे होते, हे मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

मग स्वागतकक्षात गेलो. भिंत पहिल्यांदाच नीट पाहिली. उजव्या कोपऱ्यातली बाई स्वागतही करत नाही आणि निरोपही देत नाही. तिच्या उंचावलेल्या हातात काडी आहे. काडीचं टोक भिंतीला टेकलंय.

तिथूनच आईला फोन लावला. या वेळी उचलला.

"कोपऱ्यातली बाई तू आहेस?"

"मग कोण," आई म्हणाली.

"आणि तो खुर्चीवरचा?"

"साहेबांना आवडलाय ना तो? राहू दे आता."

मी डाव्या पायाकडे पाहिलं नाही. म्हटलं, "आई, मी आज सगळ्यांना सांगितलं, चित्र तू काढलंस म्हणून. चोवीसला ये, या वेळी भिंतीवर तुझं नाव लावू. कुणी विश्वासच ठेवत नाही गं. मी सांगतोय, सांगतोय, आणि ऐकतच नाहीत."

पलीकडे बायकांचं हसणं चाललं होतं, कुणीतरी शिडी सरकवत होतं. आई म्हणाली, "सहा वर्षं मी तुला दर फोनला तेच सांगत होते की रे. मला काढू देत नाहीत, हात शिवशिवतात, तू काकांशी बोल."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. त्या फोनांतलं मला फक्त माझंच बोलणं आठवतं.

"मला नाही जमायचं चोवीसला," आई म्हणाली. "इथे पाच भिंती घेतल्यात. रंग कालवून ठेवलाय, घट्ट होईल. ठेवते."